खांद्याचे दुखणे आणि बोटांनी करावयाची तपासणी

(आरोग्य कर्मचारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय खांद्याच्या दुखण्याचा आहे. क्षयरोग, हिवताप, कुपोषण यांच्या पंक्तीला बसविल्यास तो किरकोळ वाटण्याचा संभव आहे. खांद्याच्या दुखण्याने सहसा कोणी दगावत नाही. साहजिकच या दुखण्याला आपल्या अहवालांत व तक्त्यांत फारसे स्थान मिळत नाही. परंतु ज्यांचे पोट हातावर आहे त्यांचा खांदा दुखू लागला की त्या घराची मजुरी बुडते. उसाच्या फडातून मोळी डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेणारी बाई, बाजार समितीच्या आवारात पोती वाहणारा हमाल, पाठीवर पंप बांधून दिवसभर फवारणी करणारा शेतकरी, डोक्याच्या वर हात करून फळ्यावर लिहिणारा शिक्षक आणि अलीकडे तासन्‌तास संगणकापुढे बसणारा कर्मचारी, या सर्वांच्या तोंडी ही तक्रार आढळते.

या तक्रारीचे पुढे काय होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. खांद्याचे क्ष-किरण चित्र काढले जाते. ते निर्दोष येते. मग काही दिवस वेदनाशामक गोळ्या दिल्या जातात आणि त्यानेही उतार पडला नाही, तर दुखणाऱ्याच्या बोलण्याविषयीच शंका घेतली जाते. मुकादम म्हणतो, कामाचा कंटाळा. कार्यालयात रजेचा अर्ज आला तर त्यावर शेरा पडतो. येथे एक साधी गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. क्ष-किरण चित्रात हाडे दिसतात, स्नायू तपासता येत नाहीत. चित्र निर्दोष आहे याचा अर्थ हाडांत ठळक दोष आढळला नाही, इतकाच. दुखणे खोटे आहे असे त्यावरून म्हणता येत नाही. स्नायूंची तपासणी करण्याचे साधन वेगळे आहे. ते प्रत्येक आरोग्य उपकेंद्रात उपलब्ध असून त्यास वीजही लागत नाही. ते साधन म्हणजे तपासणाऱ्याची बोटे. मात्र बोटांना शिक्षण लागते, आणि त्यांच्या मर्यादाही ठाऊक असाव्या लागतात.

प्रथम खांद्याची रचना थोडक्यात पाहू. शाळेच्या क्रीडामहोत्सवात लिंबू-चमच्याची शर्यत असते. खांद्याचा सांधा पुष्कळसा त्या चमच्यातील लिंबासारखा आहे. दंडाच्या हाडाचे डोके मोठे आणि ते ज्यात बसते ती खवाट्याची खोबण उथळ. अशा रचनेमुळे हात सर्व दिशांना फिरतो. शरीरातील दुसऱ्या कोणत्याही सांध्याला इतके स्वातंत्र्य नाही. पण या स्वातंत्र्याची किंमत स्नायूंना मोजावी लागते. लिंबू चमच्यातून पडू नये म्हणून त्यांना अखंड ओढ धरून राहावे लागते. एकट्या खवाट्याच्या हाडाला सतरा स्नायू जोडलेले असतात. हात खाली लोंबकळत असतानाही यांतील काहींना पूर्ण विश्रांती नसते, मग डोक्यावरचा हंडा सावरताना त्यांची काय अवस्था होत असेल ती कल्पनेनेच जाणावी. आपल्या प्राचीन वैद्यांनाही हे दुखणे अपरिचित नव्हते. सुश्रुतसंहितेत अवबाहुक या नावाने खांद्याच्या विकाराचे वर्णन आले आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. जेथे दुखते तेथेच दोष असतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. स्नायूंच्या बाबतीत ती अनेकदा चुकीची ठरते. १९३८ साली लंडनमध्ये केलग्रेन या डॉक्टरांनी स्वयंसेवकांच्या निरनिराळ्या स्नायूंत मिठाचे तीव्र द्रावण अत्यल्प प्रमाणात टोचून पाहिले. वेदना उठली ती पुष्कळदा सुई टोचलेल्या जागेपासून दूर अंतरावर. असे का व्हावे? खेड्यापाड्यांत टपालाची व्यवस्था कशी असते ते पाहा. दोन वस्त्यांची पत्रे एकाच थैलीतून तालुक्याला जातात. पत्रावर गावाचे नाव अस्पष्ट असेल तर तेथील माणूस ते नेहमीच्या, मोठ्या वस्तीचे आहे असे समजतो. त्याचप्रमाणे शरीराच्या दोन भागांतून येणारे मज्जातंतू मज्जारज्जूच्या एकाच ठिकाणी पोहोचतात आणि वेदनेचा पत्ता लावताना मेंदूची गफलत होते. ही उपमा ढोबळ आहे, पण आपल्या कामापुरती पुरेशी आहे.

दूरवर वेदना पाठविणाऱ्या या स्नायूंतील जागांना वैद्यकात ट्रिगर पॉइंट म्हणतात. मी त्यांना कळबिंदू म्हणतो. मराठीत कळ म्हणजे वेदनेची सणक आणि कळ म्हणजे यंत्राचा खटकाही. येथे दोन्ही अर्थ एकदमच लागू पडतात. खटका एकीकडे दाबावा आणि दिवा दुसरीकडे लागावा, तसा हा प्रकार आहे. या विषयाचा पाया पक्का करण्याचे श्रेय अमेरिकेतील डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल (१९०१-१९९७) यांना जाते. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या पाठदुखीवर त्यांनी उपचार केले आणि १९६१ साली व्हाइट हाऊसमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या वैयक्तिक चिकित्सक म्हणून त्यांची नेमणूक झाली. हे पद भूषविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. डेव्हिड सायमन्स यांच्यासह त्यांनी लिहिलेल्या ग्रंथाचा पहिला खंड १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणत्या स्नायूतील बिंदूची वेदना कोठे जाते याचे नकाशे त्यात आहेत.

खांद्यापुरते बोलायचे तर एक स्नायू विशेष ध्यानात ठेवण्यासारखा आहे. खवाट्यावर हात फिरविला की एक आडवा उंचवटा लागतो. त्याच्या खालच्या सपाट भागावर इन्फ्रास्पायनेटस नावाचा स्नायू पसरलेला असतो. तो आहे पाठीवर, पण त्यातील कळबिंदूची वेदना जाणवते खांद्याच्या पुढच्या बाजूस, सांध्याच्या आत खोलवर, आणि कधी दंडावरून मनगटाच्या दिशेने उतरते. असा रुग्ण खांद्याच्या पुढच्या भागावर हात ठेवून दुखणे दाखवितो. घरचे लोक तेथेच तेल चोळतात, तेथेच मलम लावतात, आणि दोष मात्र पाठीमागे सुरक्षित राहतो. त्या कुशीवर निजवत नाही, मागच्या खिशात हात जात नाही, बाईमाणसाला काष्टा खोचता येत नाही किंवा वेणी घालता येत नाही, अशी तक्रार ऐकली की बोटे आपोआप खवाट्याकडे वळली पाहिजेत. नेदरलँड्समध्ये एका बाजूचा खांदा दुखणाऱ्या ७२ रुग्णांची तपासणी करून २०११ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांत वेदना निर्माण करणारे बिंदू सर्वांत अधिक याच स्नायूत, तीन-चतुर्थांशाहून अधिक रुग्णांत आढळले. त्याखालोखाल क्रमांक लागला ट्रॅपेझियस या मानेपासून खांद्यापर्यंत उतरणाऱ्या स्नायूच्या वरच्या भागाचा. हा भाग आपण सर्वजण ओळखतो. दिवसभराच्या कामानंतर मान एका बाजूला कलवून आपण नकळत तोच दाबत असतो. त्यातील वेदना मानेच्या बाजूने कानशिलापर्यंत चढते, आणि पुष्कळांची डोकेदुखी तेथूनच सुरू होते.

परंतु बोटे लावण्यापूर्वी काही गोष्टी विचारल्याच पाहिजेत. या बाबतीत कोणतीही सवलत नाही. चालताना किंवा श्रम करताना खांदा अथवा हात भरून येतो, थांबले की कमी होतो, त्याबरोबर घाम सुटतो, धाप लागते किंवा छाती दडपते, असे असेल तर तो हृदयविकार समजून चालावे. डावाच खांदा दुखला पाहिजे असा नियम नाही. अशा माणसाला चोळत बसू नये. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी. पित्ताशयाच्या विकारात उजव्या खांद्याच्या टोकाला दुखू शकते, कारण श्वासपटलाचा मज्जातंतू मानेतूनच निघतो. पडल्याझडल्यानंतरचे दुखणे, ताप येऊन सांधा गरम व सुजलेला असणे, हातात मुंग्या येऊन पकड ढिली पडणे, विश्रांतीतही न थांबणारे रात्रीचे दुखणे आणि त्यासोबत वजन घटणे, यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णास वैद्यकीय अधिकाऱ्याकडेच पाठवावे. वर्षानुवर्षे विडी ओढणाऱ्याचा खांदा चिवटपणे दुखत असेल आणि त्या बाजूची पापणी उतरलेली दिसत असेल, तर फुप्फुसाच्या टोकाला कर्करोग नाही ना, हे पाहावे लागते. रुग्णास मधुमेह आहे काय, हेही विचारावे. गोठलेला खांदा, ज्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात, तो मधुमेहींत इतरांपेक्षा पुष्कळच अधिक आढळतो.

हा गोठलेला खांदा वेगळा ओळखण्याची एक सोपी रीत आहे. रुग्णाचे कोपर अंगालगत ठेवून काटकोनात वाकवावे आणि मनगट धरून हात हळूच बाहेरच्या बाजूस वळवावा. रुग्णाने स्वतः वळवूनही वळत नाही आणि आपण वळवूनही अडतो, असे असेल तर सांधाच आखडलेला आहे असे समजावे. आपण उचलला तर हात वर जातो, पण रुग्णाला स्वतःला तो उचलवत नाही, असे असेल तर स्नायूचा कंडरा तुटला असण्याची शंका घ्यावी. कळबिंदूंच्या दुखण्यात हात ओढ घेत, कुरकुरत का होईना, पण बहुधा पुरा फिरतो.

आता प्रत्यक्ष तपासणी. रुग्णास पाठ उघडी करून बसवावे. कपड्यावरून केलेल्या तपासणीला अर्थ नसतो. महिला रुग्ण असेल तर आडोसा हवा आणि तपासणारी अगर निदान सोबतीला असणारी व्यक्ती महिला हवी. आपल्या उपकेंद्रांत जागेची अडचण असते हे मला ठाऊक आहे, पण एका चादरीचा पडदा लावणे कोठेही अशक्य नाही. हात गार असतील तर चोळून उबदार करून घ्यावेत, कारण गार बोटांनी स्नायू आक्रसतो. आरंभ नेहमी न दुखणाऱ्या खांद्यापासून करावा. त्यामुळे रुग्णास दाबाची कल्पना येते आणि तपासणाऱ्यास तुलनेसाठी माप मिळते.

ज्या स्नायूच्या खाली हाड आहे, जसा खवाट्यावरचा, तो अंगठ्याने किंवा बोटांच्या टोकांनी हाडावर दाबत त्याच्या धाग्यांना आडवे चाचपडावे. वाद्याच्या तारेवरून बोट जाते तशी एखादी ताठर दोरी बोटाखाली सरकते. त्या दोरीच्या कडेकडेने जात राहावे, म्हणजे तिच्यावर एक जागा इतर जागांहून अधिक हळवी लागते. मानेजवळचा ट्रॅपेझियस मात्र दाबून तपासू नये. अंगठा व दोन बोटे यांच्या चिमटीत उचलून धरावा आणि बोटांतून घरंगळवावा. हळवी जागा सापडली की दाब हळूहळू वाढवून काही सेकंद तसाच धरावा. दूरची वेदना उमटण्यास तेवढा वेळ लागतो, आणि घाईत तपासणारांना ती सापडत नाही. दाब किती द्यावा? अंगठ्याच्या नखाचा रंग पांढरा पडेल इतका, असा स्थूल संकेत आहे. तो सुमारे ४ किलोचा दाब मानतात. ज्यांना अंदाज येत नाही त्यांनी किराणा दुकानातील वजनकाट्यावर अंगठा दाबून सराव करावा. दहा मिनिटांत हात बसतो. मोजमाप अधिक काटेकोर हवे असेल तर दाबमापक उपकरण मिळते. त्याच्या एक चौरस सेंटिमीटरच्या रबरी टोकाने दाबत जावयाचे आणि दाबाची वेदना झाली त्या क्षणी रुग्णाने सांगावयाचे. दोन्ही बाजूंच्या आकड्यांतील फरक आणि उपचारानंतर पडलेला फरक यांची त्यामुळे नोंद राहते.

दाब धरलेला असताना विचारावयाचा प्रश्न एकच आहे: ‘‘तुम्हाला रोज त्रास देते ती कळ हीच का?’’ संपूर्ण तपासणीचा गाभा या प्रश्नात आहे. ‘‘दुखते का?’’ हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण ४ किलोचा दाब दिल्यावर पुष्कळांना पुष्कळ ठिकाणी दुखते. निरोगी माणसाच्या खांद्यातही हळव्या जागा असतात. त्यांना सुप्त बिंदू म्हणतात. त्या दाबल्याने दुखतात, पण रुग्णाची ओळखीची वेदना त्यांतून उठत नाही. उलट जागृत बिंदूवर बोट पडताच रुग्ण दचकतो आणि पुष्कळदा आपण होऊनच सांगतो, की हेच ते, पुढे दंडात गेले पाहा. तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे, आणि शरीराच्या रेखाचित्रावर बिंदूची जागा फुलीने व वेदनेचा भाग रेघांनी दाखवावा. उत्तर रुग्णाच्या तोंडी घालू नये. आपल्याकडील गरीब माणूस डॉक्टरांचे मन राखण्यासाठीही होकार देतो, हे अनुभवी कर्मचाऱ्यांस सांगावयास नको.

ही तपासणी कितपत भरवशाची, असा प्रश्न येथे कोणीतरी विचारील, आणि तो विचारलाच पाहिजे. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जाणत्या तपासनिसांनी तीच माणसे स्वतंत्रपणे तपासली, तेव्हा प्रथम त्यांच्यात एकमत होईना. एकत्र बसून बोटांची रीत ठरवून घेतल्यावर मात्र त्यांचे निष्कर्ष जुळू लागले. ताठर दोरी हाताला लागणे, दाबताच स्नायू फडफडणे या खुणा सर्वांनाच सारख्या सापडतात असे नाही. रुग्णाचे दचकणे आणि ओळखीची वेदना दूर उमटणे या खुणांवर त्या मानाने अधिक विसंबता येते. कळबिंदू म्हणजे नेमके काय, तो स्नायूतील बिघाड की मज्जासंस्थेची अतिसंवेदनशीलता, याविषयी विद्वानांत वाद आहे. २०१५ मध्ये तर या संपूर्ण कल्पनेवरच कठोर टीका करणारा लेख प्रसिद्ध झाला. २०१८ साली अनेक देशांतील तज्ज्ञांनी विचारविनिमय करून असे सुचविले, की ताठर दोरी, हळवी जागा आणि दूर जाणारी वेदना या तीनपैकी निदान दोन खुणा असल्याखेरीज कळबिंदू म्हणू नये. माझे मत असे आहे, की वाद मिटेपर्यंत रुग्णास तपासावयाचे थांबविण्याचे कारण नाही, पण बोटाला गाठ लागली की रोग सापडला, अशा थाटात बोलण्याचेही कारण नाही.

एक गोंधळ येथेच दूर करतो. काही रुग्णांना खांद्यापुरते न दुखता सर्वांगाला दुखते, झोप लागत नाही, थकवा हटत नाही. या विकारास फायब्रोमायाल्जिया म्हणतात. १९९० च्या निकषांनुसार शरीरावरील ठरावीक १८ जागांपैकी ११ जागा ४ किलोच्या दाबाने दुखल्या पाहिजेत, अशी अट होती. २०१० च्या निकषांत ही जागांची मोजणी वगळण्यात आली. तेव्हा सर्वांग हळवे असणाऱ्या माणसाच्या खांद्यातील बिंदू शोधत बसू नये. त्याची वाट वेगळी आहे.

उपचारांविषयी थोडेच सांगतो. सापडलेल्या बिंदूवर सोसेल इतका दाब अर्धा-एक मिनिट धरणे, गरम पाण्याचा शेक, स्नायू हलकेच ताणणे आणि वेदना उतरू लागली की त्यास क्रमाने बळकटी देणारे व्यायाम, एवढ्याने पुष्कळांना गुण येतो. व्यायाम भौतिकोपचार तज्ज्ञांकडून शिकून घ्यावेत. बिंदूत सुई घालण्याचे उपचारही आहेत, पण खांद्याच्या या भागाखाली फुप्फुसाचे टोक असते आणि अशिक्षित हाताने घातलेली सुई तेथपर्यंत जाऊ शकते. बाजाराच्या दिवशी तंबू ठोकून सुई टोचणाऱ्यांकडे कोणी जाणार नाही, हे पाहणे ग्रामपंचायतीच्या हाती आहे. वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्याने जठर व मूत्रपिंड यांना अपाय होतो, हेही लोकांना सांगावे.

पंचायत सदस्यांसाठी आणखी एक गोष्ट. बिंदू शांत झाला तरी ओझे तेच राहिले तर तो पुन्हा जागा होतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालच्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने एकट्याने वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो धरली आहे आणि स्त्रियांसाठी ती याहून पुष्कळ कमी असावी असे म्हटले आहे. सिमेंटचे पोते ५० किलोचे असते. युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची झाली. धान्याच्या गोण्या मात्र जो भरील त्याच्या मर्जीने भरतात. सार्वजनिक नळाजवळ कमरेइतका उंच ओटा बांधला तर भरलेला हंडा जमिनीवरून उचलावा लागत नाही. ओट्याचा खर्च फार नसतो, पण आराखड्यात तो कोणी धरीत नाही. शिक्षकांनी फळ्याच्या वरच्या कडेला लिहिण्याऐवजी छातीच्या उंचीवर लिहावे, आणि २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या एक-दशांशाहून अधिक नाही ना, हे वर्गातच काटा लावून पाहावे.

आता शेजारच्या खोलीत प्रात्यक्षिक आहे. भगिनींची व्यवस्था पलीकडच्या वर्गात केली आहे. प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचा निरोगी खांदा आधी तपासावा, सापडलेल्या जागा कागदावर मांडाव्यात आणि कागद झाकून ठेवावा. नंतर दुसऱ्याने तोच खांदा तपासून आपला कागद तयार करावा. दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहू, आणि जेथे ते जुळणार नाहीत तेथे पुन्हा बोट ठेवू.